धाकदपटशा इंग्रजीत लिहिताना: क्रियापद कसं निवडायचं आणि वाक्य कसं बांधायचं

'ही थ्रेटन्ड मी टू रिझाइन.' तक्रार-अर्ज, भाषांतरं, बातम्यांचे मसुदे तपासताना हे वाक्य माझ्यासमोर सारखं येतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, 'त्याने धमकावून मला राजीनामा द्यायला लावला.' पण इंग्रजीत 'थ्रेटन्ड टू रिझाइन' म्हटलं की राजीनामा देणारा माणूस धमकी देणाराच ठरतो. मधला 'मी' वाचणाऱ्याला चुकून पडलेला वाटतो आणि तो अर्थ लावतो की साहेबांनीच राजीनाम्याची धमकी दिली. ज्या एका वाक्यासाठी सगळा अर्ज लिहिला, तेच वाक्य उलटं वाचलं जातं.

चूक शब्दसंग्रहाची नसते. मराठीत 'धमकावून' भीती सांगतं आणि 'लावला' हे शेवटचं क्रियापद सांगतं की समोरच्याने ती गोष्ट केली. इंग्रजीत ही दुसरी माहिती बहुतेक वेळा 'इंटू' या छोट्या शब्दात असते. आपण क्रियापद आठवतो, 'इंटू' विसरतो आणि सवयीने 'टू' लावून टाकतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. क्रियापद तिसऱ्या टप्प्यात येतं आणि ते मुद्दाम तिथे ठेवलं आहे.

टप्पा १: आधी मराठीत चार उत्तरं लिहून घ्या

कागदावर चार ओळी पुरतात:

१. धाक कोणी घातला?
२. कशाची भीती घातली? (मार, बदनामी, नोकरी जाणं, की नुसता आवाज आणि नजर?)
३. काय करायला सांगितलं, किंवा काय करू नको म्हणून सांगितलं?
४. शेवटी झालं काय? समोरच्याने ऐकलं, नकार दिला, की अजून काहीच ठरलेलं नाही?

चौथी ओळ जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, आणि इंग्रजी वाक्याचा सांगाडा तर तीच ठरवते. दुसऱ्या ओळीवरून क्रियापद ठरतं, तिसरीवरून त्यामागे काय जोडायचं ते.

*तपासा:* चौथ्या ओळीचं उत्तर तुम्हाला नक्की माहीत नसेल तर पुढच्या टप्प्यात 'इंटू'ला हात लावू नका. 'इंटू' लिहिलं की समोरचा माणूस नमला, असं तुम्ही लेखी सांगितलेलं असतं.

टप्पा २: शेवट काय झाला, त्यावरून वाक्याचा सांगाडा घ्या

*फक्त धमकी दिली, पुढचं माहीत नाही किंवा सांगायचं नाही.* इथे क्रियापद आणि माणूस एवढंच पुरतं: 'दे थ्रेटन्ड हर.' कशाची धमकी, हे सांगायचं तर 'विथ' जोडा: 'दे थ्रेटन्ड हर विथ डिसमिसल.' धमकी देणारा स्वतः काय करणार होता, हे सांगायचं असेल तरच 'टू' येतो: 'दे थ्रेटन्ड टू डिसमिस हर.'

*घाबरून ती गोष्ट केली.* क्रियापद, माणूस, मग 'इंटू' आणि त्यापुढे 'आयएनजी' लावलेलं रूप: 'दे स्केअर्ड हर इंटू साइनिंग.' हा सांगाडा एकदा हाताला बसला की स्केअर, फ्रायटन, बुली, इंटिमिडेट, कोअर्स, ब्लॅकमेल, प्रेशर असे कितीतरी शब्द त्यात चपखल बसतात. 'इंटू'पुढे नामही चालतं: 'इंटू सायलेन्स', 'इंटू सबमिशन'.

*करणार होता ते घाबरून सोडून दिलं.* 'इंटू'च्या जागी 'आउट ऑफ': 'दे स्केअर्ड हिम आउट ऑफ टेस्टिफाइंग', म्हणजे साक्ष द्यायला निघालेला माणूस घाबरून मागे फिरला.

*घाबरून निघून गेला, नाद सोडला.* इथे 'ऑफ' किंवा 'अवे': 'द डॉग फ्रायटन्ड देम ऑफ', 'द थ्रेट्स स्केअर्ड अवे द बायर्स.' 'वॉर्न ऑफ' त्याच घरातलं, फक्त त्यात इशारा दिलेला असतो: 'लांब राहा, नाहीतर बघ.'

*सावधान:* 'आउट ऑफ'चा एक चकवा आहे. 'स्केअर्ड आउट ऑफ हिज विट्स' किंवा 'फ्रायटन्ड द लाइफ आउट ऑफ मी' यांत कोणी काही करायचं सोडलेलं नसतं. पाचावर धारण बसली, एवढाच त्याचा अर्थ. 'आउट ऑफ'पुढे 'आयएनजी'चं रूप असेल तर माघार, 'विट्स' किंवा 'मी' असेल तर नुसती घाबरगुंडी. भाषांतर करताना ही जागा हमखास निसटते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. 'इंटू'चा सांगाडा भीतीच्या एकट्या मालकीचा नाही. 'टॉक इंटू' म्हणजे बोलून पटवणं, 'ट्रिक इंटू' म्हणजे फसवून करायला लावणं, 'शेम इंटू' म्हणजे लाज आणून. 'इंटू' फक्त निकाल सांगतं. साधन कोणतं वापरलं, ते क्रियापद सांगतं. म्हणूनच पुढचा टप्पा सावकाश घ्यायचा.

टप्पा ३: भीती कशाची आणि कशी, त्यावरून क्रियापद निवडा

सगळ्यात आधी 'थ्रेटन' आणि 'इंटिमिडेट' वेगळे करा. 'थ्रेटन' ही बोलणाऱ्याची कृती आहे: 'असं केलंस तर तसं करीन' हे त्याने शब्दांत किंवा खुणेने सांगितलं. 'इंटिमिडेट'चा भर समोरच्यावर झालेल्या परिणामावर असतो: तो दबला, त्याचा धीर सुटला. त्यामुळे 'दे थ्रेटन्ड हर, बट शी वॉज नॉट इंटिमिडेटेड' हे अगदी सरळ वाक्य आहे. धमक्या दिल्या, पण ती बधली नाही. शब्दांची अदलाबदल करून बघा, वाक्य कोसळतं.

'इंटिमिडेटिंग' हे विशेषण मात्र बेताने वापरा. 'आय फाइंड हर इंटिमिडेटिंग' म्हणजे मला तिच्यासमोर दडपण येतं. तिने काही केलेलं असेलच असं नाही, तिचा दरारा असेल किंवा ती फार हुशार असेल. एखाद्यावर दमदाटीचा आरोप करायचा असेल तर हे विशेषण दुबळं पडतं.

'कोअर्स' (उच्चार को-अर्स, भर 'अर्स'वर) औपचारिक आहे. करार, कबुलीजबाब, सही, चौकशी अशा ठिकाणी तो शोभतो. घरातल्या किंवा शाळेतल्या दमदाटीला तो जड होतो. तिथे 'बुली' घ्या. 'बुली' फक्त लहान मुलांसाठी, असा समज आहे तो सोडा. मोठ्यांच्या कचेरीतही तो रोज वापरला जातो. त्याची खूण एवढीच की जोरावर असलेला माणूस कमजोर माणसाला सतत छळतो. एकदाच झालेल्या भांडणाला 'बुली' म्हणू नका.

'ब्राउबीट' म्हणजे डोळे वटारून, दरडावून, समोरच्याला बोलूच न देता नमवणं. यात मारण्याची धमकी नसते, आवाज आणि तोरा असतो. याचं भूतकाळी रूप बदलत नाही, 'ब्राउबीट'च राहतं, आणि कर्मणी वाक्यात 'ब्राउबीटन' होतं. 'ब्राउबीटेड' असा शब्द नाही.

'काऊ' हे क्रियापद पाहून लोक गाईकडे वळतात. त्याचा गाईशी काही संबंध नाही. अर्थ आहे दहशतीने खच्ची करणं, शेपूट घालायला लावणं. ते बहुधा कर्मणीतच दिसतं: 'द विटनेसेस वेअर काउड इंटू सायलेन्स.' आणि नकारात फार जोरकस वाटतं: 'शी रिफ्यूज्ड टू बी काउड.'

'टेरिफाय' आणि 'टेररायझ' यांत गल्लत नको. वादळही माणसाला 'टेरिफाय' करतं. 'टेररायझ' करायला हेतू लागतो आणि बहुधा काळही लागतो: टोळीने वस्तीत महिनोन्महिने दहशत माजवली, तर 'टेररायझ्ड'.

आता 'ब्लॅकमेल'. मराठीत आपण हा शब्द कुठल्याही दबावाला लावतो, रुसून बसलेल्या माणसालासुद्धा. रोजच्या इंग्रजीत त्याचा गाभा म्हणजे गुपित फोडण्याची धमकी आणि त्या बदल्यात मागणी. यातला 'मेल' पत्राचा नाही, त्यामुळे 'ईमेलवर धमकी आली' एवढ्यावरून ब्लॅकमेल होत नाही. मागणी नसेल तरी होत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात मात्र व्याप्ती मोठी आहे. १९६८च्या थेफ्ट अ‍ॅक्टच्या कलम २१मध्ये गुपिताची अटच नाही. धमकीच्या जोरावर केलेली गैरवाजवी मागणी, एवढ्यावर ब्लॅकमेलचा गुन्हा होतो आणि त्याला १४ वर्षांपर्यंत कैद आहे. कायदेशीर मजकूर भाषांतरित करताना म्हणून आधी बघा की तो कोणत्या देशाचा आहे.

'एक्स्टॉर्ट' म्हणजे उकळणं, आणि इथे आपली मराठीच मदतीला येते. आपण माणसाला उकळत नाही, माणसाकडून पैसे उकळतो. इंग्रजीतही तसंच: 'दे एक्स्टॉर्टेड मनी फ्रॉम हिम.' कबुलीजबाबही असाच उकळला जातो, 'एक्स्टॉर्ट अ कन्फेशन'. 'दे एक्स्टॉर्टेड हिम' लिहू नका.

'रेलरोड' आणि 'बुलडोझ' यांच्याबद्दल थोडक्यात: यांत भीतीपेक्षा घाई आणि रेटा असतो. विचार करायला वेळच न देता निर्णय घ्यायला लावला, तर 'रेलरोडेड इंटू'. मारहाणीच्या धमकीला हे शब्द अपुरे आहेत.

*सावधान:* दोन जागा अशा आहेत जिथे संगणकाची शब्दतपासणी काहीही सांगणार नाही. 'थ्रेट'मधला 'एच' गळला की 'ट्रीट' उरतो, आणि धमकी मिळाल्याची तक्रार मेजवानी मिळाल्याची होते. दुसरी, 'इंटिमेट' आणि 'इंटिमिडेट'. कचेरीच्या पत्रांत 'कळवावे' या अर्थी 'काइंडली इंटिमेट' लिहिण्याची जुनी पद्धत आहे. त्या जागी 'इंटिमिडेट' पडलेलं मी एकाहून अधिक पत्रांत पाहिलं आहे. तारीख कळवा म्हणायचं होतं, आम्हाला धमकवा असं लिहिलं गेलं. सोपा उपाय म्हणजे 'कळवा'साठी सरळ 'इन्फॉर्म' वापरा.

टप्पा ४: क्रियापदामागे काय जोडायचं ते पक्कं करा

शब्द बरोबर निवडला तरी वाक्य इथे बिघडतं. प्रत्येक क्रियापदाची जोडणी वेगळी आहे आणि ती तर्काने सापडत नाही, पाठच करावी लागते.

'फोर्स' आणि 'कंपेल' यांना माणसानंतर 'टू' चालतो: 'दे फोर्स्ड हिम टू साइन.' 'फोर्स'ला 'इंटू साइनिंग'ही चालतं. 'कोअर्स'ला 'इंटू' घ्या, तीच रुळलेली जोडणी आहे. 'मेक'ला काहीच लागत नाही: 'दे मेड हिम साइन.' पण कर्मणी केलं की 'टू' परत येतो: 'ही वॉज मेड टू साइन.' या परत येणाऱ्या 'टू'ला चांगले लिहिणारेही विसरतात.

'प्रेशर' दोन्ही बाजूंनी चालतं, पण अर्थ बदलतो. 'दे प्रेशर्ड हिम टू साइन' म्हणजे दबाव आणला, त्याने सही केली की नाही ते उघडं आहे. 'दे प्रेशर्ड हिम इंटू साइनिंग' म्हणजे केली. ब्रिटिश लिखाणात याच जागी 'प्रेशराइझ' दिसेल. दोन्ही बरोबर, फक्त एका मजकुरात एकच ठेवा.

नामाची जोडणीही सांभाळा. 'ही गेव्ह मी अ थ्रेट' हे 'धमकी दिली'चं शब्दशः रूप आहे, इंग्रजीत ते बसत नाही. धमकी 'मेक' होते किंवा 'इश्यू' होते, मिळते तेव्हा 'रिसीव्ह' होते. खरी करून दाखवली तर 'कॅरी आउट', आणि पोकळ असेल तर 'एम्प्टी थ्रेट'.

*तपासा:* फोर्स, कंपेल, मेक आणि कोअर्स या चौघांत यश आधीच धरलेलं असतं. 'दे फोर्स्ड हिम टू साइन, बट ही रिफ्यूज्ड' हे वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं. मराठीत करून बघा: 'त्याला सही करायला भाग पाडलं, पण त्याने केली नाही.' कानाला खटकतं ना? जिथे मराठीतलं 'भाग पाडलं, पण' खटकतं तिथे इंग्रजीही खटकणार. नकार मिळाला असेल तर 'ट्राइड टू फोर्स' लिहा.

शंका आली तर ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन यांचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. साध्या कोशापेक्षा तो इथे कामाचा, कारण अर्थासोबत जोडणी ठळक अक्षरांत छापलेली असते. तिथला 'एसबी' म्हणजे माणूस आणि 'एसटीएच' म्हणजे वस्तू किंवा गोष्ट. अर्थ वाचून कोश मिटू नका, ती ठळक ओळ उतरवून घ्या.

टप्पा ५: वाक्प्रचार सगळ्यात शेवटी, आणि जपून

वाक्प्रचारांनी लिखाणाला धार येते, म्हणून लोक सुरुवातच तिथून करतात. गंभीर मजकुरात त्याने नुकसान होतं.

'ट्विस्ट समवन्स आर्म' बघा. शब्दशः हात पिरगाळणं. पण बोलण्यात ते बहुतेक वेळा हलकंफुलकं असतं: मित्राने आग्रह केला आणि मी तयार झालो. एका जबाबात मी 'ही ट्विस्टेड माय आर्म टू साइन' वाचलं होतं. बिचाऱ्याला खरोखर धमकावलं गेलं होतं. वाचणाऱ्यापुढे मात्र दोनच अर्थ उभे राहिले: एकतर खरोखर हात पिरगाळला, म्हणजे इजेचा पुरावा द्या, किंवा नुसता आग्रह झाला. खरं घडलं ते दोन्हींच्या मधे होतं आणि ते कुठेच आलं नाही. 'ड्रगून्ड इंटू' आणि 'प्रेस-गँग्ड इंटू' यांचंही तसंच. मूळ सैनिकी जबरदस्तीचे हे शब्द आज बहुधा 'मला जबरदस्तीने कामाला जुंपलं' अशा सौम्य कुरकुरीसाठी वापरले जातात.

'लीन ऑन'ला दोन तोंडं आहेत. 'आय लीन्ड ऑन हिम' म्हणजे मी त्याचा आधार घेतला. 'ही वॉज बीइंग लीन्ड ऑन' म्हणजे त्याच्यावर दडपण आणलं जात होतं. दडपणाच्या अर्थी वापरायचं तर पुढे काय करायला सांगितलं ते जोडाच: 'दे लीन्ड ऑन हिम टू ड्रॉप द केस.'

'होल्ड टू रॅन्सम'ला मराठीत सुंदर जोडी आहे, वेठीस धरणे. 'पुट द स्क्रूज ऑन' किंवा 'पुट द स्क्वीझ ऑन' म्हणजे नाक दाबून तोंड उघडायला लावणं. 'होल्ड अ गन टू समवन्स हेड' हा आलंकारिक प्रयोग आहे. खरीच बंदूक असेल तर 'अ‍ॅट गनपॉइंट' लिहा, सुरा असेल तर 'अ‍ॅट नाइफपॉइंट'. ही अदलाबदल बातमीत झाली तर थेट वस्तुस्थिती बदलते.

'थ्रो वन्स वेट अराउंड' आणि 'पुश समवन अराउंड' म्हणजे दादागिरी. यांत ठरावीक मागणी नसते, म्हणून मागे 'इंटू' किंवा 'टू' जोडू नका.

'रीड द रायट अ‍ॅक्ट'चं भाषांतर करताना 'दंगल' शब्द आणू नका. १७१४चा हा ब्रिटिश कायदा होता. १२ किंवा अधिक जणांच्या जमावापुढे तो वाचून दाखवत आणि पांगायला एक तास देत. आज त्याचा अर्थ कडक तंबी देणं एवढाच आहे. वडीलधारं किंवा वरिष्ठ माणूस अशी तंबी देतो, गुंड देत नाही.

टप्पा ६: औपचारिक मजकुरात क्रियापदाच्या आधी प्रत्यक्ष शब्द लिहा

तक्रार, जबाब, बातमी यांत फक्त 'ही इंटिमिडेटेड मी' पुरत नाही. ते तुमचं मत झालं. त्याने काय म्हटलं, कधी, कोणासमोर, हे आधी लिहा आणि मग क्रियापद. त्याचे शब्द मराठीत असतील तर ते मराठीतच अवतरणात ठेवा आणि पुढे इंग्रजी अर्थ द्या. 'तुला बघून घेतो' याचं 'आय विल सी यू' केलं तर तो निरोप होतो, कारण इंग्रजीत ते 'भेटू' असं वाचलं जातं.

सही दबावाखाली झाली असेल तर 'अंडर प्रेशर' लिहू नका. कामाच्या ताणात घाईने सही केली, असंही ते वाचता येतं. 'साइन्ड अंडर ड्युरेस' लिहा, करारांच्या भाषेत त्याचा अर्थ ठरलेला आहे.

कर्मणी वाक्य लिहिलं की धमकावणारा दिसेनासा होतो. 'आय वॉज थ्रेटन्ड'पुढे 'बाय' आणि माणूस जोडला आहे ना, ते बघा. नाव माहीतच नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

एक मसुदा दुरुस्त करून बघू

मराठी मजकूर असा: 'ठेकेदाराने एका सहकाऱ्याला दमदाटी करून खोट्या हजेरीपत्रकावर सही करायला लावली. दुसऱ्यावर दबाव आणला, पण तो बधला नाही. तिसऱ्याने घाबरून तक्रार मागे घेतली.'

पहिला मसुदा: 'द काँट्रॅक्टर थ्रेटन्ड वन कलीग टू साइन अ फॉल्स अटेंडन्स शीट. ही कोअर्स्ड अनदर बट ही डिड नॉट अ‍ॅग्री. द थर्ड वॉज थ्रेटन्ड अँड टुक बॅक कंप्लेंट.'

पहिल्या वाक्यात सही झाली आहे, म्हणून 'इंटू' हवं, आणि 'दमदाटी'ला 'बुली' बसतं. दुसऱ्या वाक्यात नकार आहे, म्हणजे यश गृहीत धरणारा 'कोअर्स' चालणार नाही. शिवाय दोन 'ही' वेगवेगळ्या माणसांचे आहेत आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही. तिसऱ्या वाक्यात भीती आणि माघार 'अँड'ने नुसती शेजारी ठेवली आहेत. भीतीमुळे माघार घेतली, हे कुठेच म्हटलेलं नाही.

दुरुस्त मसुदा: 'द काँट्रॅक्टर बुलीड वन कलीग इंटू साइनिंग अ फॉल्स अटेंडन्स शीट. ही पुट प्रेशर ऑन अनदर, हू रिफ्यूज्ड. अ थर्ड वॉज फ्रायटन्ड इंटू विथड्रॉइंग हिज कंप्लेंट.'

तिसऱ्याला कोणी घाबरवलं, ते मूळ मराठीतही नाही. ठेकेदारानेच घाबरवलं असेल आणि तुम्हाला ते नक्की माहीत असेल, तर 'फ्रायटन्ड'नंतर 'बाय द काँट्रॅक्टर' घाला. नुसता अंदाज असेल तर घालू नका.